इरावती कर्वे : कवट्या मोजल्या आणि वंशश्रेष्ठत्वाचा दावा खोडला

दरवर्षी प्रवेशाचा हंगाम आला की गुणवत्तेची चर्चा सुरू होते. मेडिकल असो, इंजिनिअरिंग असो की एमपीएससी, निकाल लागला की आरक्षणातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बुद्धीवर कुणीतरी शंका घेतेच. ही शंका उघड शब्दांत क्वचितच मांडली जाते. ती कट-ऑफच्या आकड्यांत, वसतिगृहातल्या टोमण्यांत, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये दडलेली असते. तिच्या तळाशी मात्र एकच समजूत आहे. काही माणसे जन्मतःच हुशार, काही जन्मतःच मंद, आणि हा फरक कुळातून, जातीतून, वंशातून येतो.

ही समजूत एकट्या मनुस्मृतीची नाही. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तिला विज्ञानाचा अंगरखा चढवला. माणसाची बुद्धी मोजता येते, ती डोक्याच्या आकारावरून कळते, आणि मोजणीनंतर गोरा माणूस वरच्या पायरीवर येतो, असे ते सांगत. या दाव्याच्या अगदी बालेकिल्ल्यात जाऊन, हातात मोजमापाचे साधन घेऊन, तो दावा खोटा ठरवणाऱ्यांमध्ये एक तरुणी पुण्याची होती. तिचे नाव इरावती कर्वे.

भूगावातून चांदणी चौक ओलांडून पौड रोडने शहरात गेलो की पुढे कर्वे रोड लागतो. हा रस्ता ज्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नावाचा, त्यांच्या त्या सूनबाई. मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या भारतातील नातेसंबंधांच्या अभ्यासक म्हणून ठाऊक असतात. बर्लिनमध्ये त्यांनी काय केले, हे मात्र आपल्या चळवळीतल्या फार थोड्यांना माहीत आहे. ते माहीत असायला हवे.

इरावती नदीकाठची मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथल्या एका कापूस कंपनीत इंजिनिअर होते. ब्रह्मदेशातल्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. ब्रह्मदेश म्हणजे बुद्धाचा देश. पण घर चित्पावन ब्राह्मणाचे, आणि मुलीने शिकावे अशी वडिलांची इच्छा. म्हणून सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले.

हुजूरपागा शाळा भिडेवाड्यापासून फार लांब नाही. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा याच शहराने त्यांच्या अंगावर शेण टाकले होते. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत ब्राह्मण घरातल्या मुलीने बोर्डिंगमध्ये राहून शिकणे शक्य झाले. रस्ता कुणी खणला आणि त्यावरून आधी कोण चालले, हे आपण विसरू नये. इरावतीबाईंचा यात दोष नाही, पण इतिहास नीट सांगायचा तर इथूनच सांगावा लागतो.

हुजूरपागेत शकुंतला परांजपे त्यांची मैत्रीण झाली. शकुंतलेचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य आणि कडवे बुद्धिवादी. परांजप्यांनी या मुलीला घरी नेले आणि दुसऱ्या लेकीसारखे वाढवले. त्या घरात पुस्तके होती, वाद होते, देवाला प्रश्न विचारायची मोकळीक होती. कोणत्याही मुलाची बुद्धी वाढण्यासाठी जे लागते ते सारे तिथे होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला बुद्धी कुठून येते याचाच विचार करायचा आहे.

१९२६ मध्ये त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ मध्ये एम.ए. झाल्या. प्रबंधाचा विषय होता त्यांची स्वतःची जात, चित्पावन ब्राह्मण. दरम्यान रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. पत्नीनेही तिकडे जाऊन डॉक्टरेट करावी असा त्यांचा आग्रह. विरोध झाला तो सासऱ्यांकडून. ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले, त्या महर्षी कर्व्यांना सुनेचे परदेशी शिक्षण पटले नाही. सुधारकाच्या घरातही सुधारणेला कुंपण असते, ते असे. शेवटी डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

मोजपट्टीचा जुना बाजार

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या, तिचे काम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सॅम्युअल मॉर्टन हा डॉक्टर कवट्या गोळा करत असे. कवटीत आधी बिया आणि नंतर शिशाचे छर्रे भरून तो तिचे आकारमान मोजे. मेंदू मोठा तर बुद्धी मोठी, आणि मोठ्या कवट्या गोऱ्यांच्या, असा त्याचा निष्कर्ष. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांना असे विज्ञान हवेच होते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टनने १८८४ च्या लंडनच्या प्रदर्शनात मोजमापाची प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स देऊन लोक तिथे उंची, पकडीची ताकद, दृष्टी, प्रतिक्रियेचा वेग मोजून घेत. बुद्धी वंशपरंपरेने येते असे गाल्टनचे म्हणणे होते. चांगल्या कुळांनी अधिक मुले जन्माला घालावीत आणि हलक्या कुळांची वाढ रोखावी, या विचाराला त्यानेच युजेनिक्स हे नाव दिले. मराठीत आपण त्याला सुप्रजननशास्त्र म्हणतो.

भारतात हे काम हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने केले. त्याने नाके मोजली. नाकाची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणावरून त्याने जातींची उतरंड लावली. जितके नाक रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धान्त. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त होता. ब्राह्मणी ग्रंथांनी जे धर्माच्या नावाने सांगितले, तेच रिस्लेने विज्ञानाच्या नावाने सांगितले.

या सगळ्यात एक वेगळा माणूस होता, फ्रान्सचा आल्फ्रेड बिने. त्यानेही सुरुवातीला शाळेतल्या मुलांची डोकी मोजली. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या डोक्यांत सांगण्यासारखा फरक त्याला सापडला नाही, तेव्हा त्याने तो नाद सोडला. १९०५ मध्ये, म्हणजे इरावतीबाईंच्या जन्माच्याच वर्षी, त्याने थिओडोर सिमॉन यांच्यासोबत प्रश्नांची एक चाचणी तयार केली. पुढे जगभर पसरलेल्या बुद्धिमापन चाचण्यांचे मूळ तेच. पण बिनेचा हेतू साधा होता. कोणत्या मुलाला शाळेत जादा मदत लागेल हे त्याला शोधायचे होते. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते हे त्याला मान्य नव्हते; योग्य शिकवणीने ती वाढते असे तो मानत असे.

अमेरिकेत ही चाचणी पोहोचली आणि तिचा अर्थ उलटा झाला. मदतीसाठी काढलेली मोजणी माणसांना बाहेर काढण्यासाठी वापरली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात सुमारे सतरा लाख सैनिकांची चाचणी घेण्यात आली. अनेकांना इंग्रजी नीट येत नव्हते, काहींनी आयुष्यात पेन्सिल धरली नव्हती. त्यांच्या कमी गुणांवरून दक्षिण आणि पूर्व युरोपातले स्थलांतरित तसेच काळे लोक बुद्धीने कमी असल्याचे जाहीर झाले. १९२४ च्या स्थलांतर कायद्यामागच्या प्रचारात या निष्कर्षांचाही उपयोग झाला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतिमंद ठरवलेल्या एका तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. त्या देशात अशा प्रकारे साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली.

ते वर्ष १९२७. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृती जाळली. आणि त्याच वर्षी बर्लिनच्या डाहलेम भागात कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि युजेनिक्स संस्था सुरू झाली. संचालक होते ऑयगेन फिशर. इरावतीबाईंचे मार्गदर्शक तेच.

बर्लिनच्या एकशे एकोणपन्नास कवट्या

फिशर हे जर्मनीतले मोठे नाव. १९०८ मध्ये ते दक्षिण-पश्चिम आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, म्हणजे आजच्या नामिबियात, गेले होते. गोरे बाप आणि आफ्रिकी आया यांच्या वंशजांची त्यांनी मोजमापे घेतली आणि वंशसंकराविरुद्ध लिहिले. त्याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहार केला होता आणि मेलेल्यांच्या कवट्या संशोधनासाठी जर्मनीला पाठवल्या होत्या. बर्लिनच्या संग्रहांतल्या कवट्या अशा मार्गांनी जमलेल्या होत्या.

फिशर यांनी इरावतीबाईंना कवटीच्या विषमतेवर काम दिले. माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची अटकळ अशी की तर्क आणि विचार ज्या भागात होतो तो मेंदूचा पुढचा भाग गोऱ्या युरोपीयांमध्ये एका बाजूला अधिक वाढलेला असतो. म्हणून त्यांच्या कवटीत विषमता जास्त आणि इतर वंशांत ती कमी दिसायला हवी. हे सिद्ध झाले असते तर गोऱ्यांची बुद्धी हाडातच कोरलेली आहे असे म्हणता आले असते.

इरावतीबाईंनी एकशे एकोणपन्नास कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय कवट्या होत्या, तशाच आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. वसाहतीतून आलेली, गव्हाळ रंगाची, पंचविशीही न गाठलेली ही विद्यार्थिनी. कर्जावर शिकत होती. मार्गदर्शकाला काय उत्तर हवे आहे हे तिला चांगले ठाऊक होते. आकडे थोडे इकडेतिकडे ओढले असते, निष्कर्ष मोघम ठेवला असता, तर कुणालाही कळले नसते.

तिने तसे केले नाही. विषमता सगळ्याच माणसांच्या कवट्यांत असते आणि तिचा वंशाशी काहीही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष तिने मांडला. गुरूची अटकळ खोटी ठरली. फिशर यांनी पदवी अडवली नाही, पण प्रबंधाला अगदी खालचा दर्जा दिला. १९३१ मध्ये हा प्रबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

आज हे वाचताना सोपे वाटते. विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना विचारा, गाइडच्या मताविरुद्ध निष्कर्ष लिहिणे किती सोपे असते ते. फेलोशिप, शिफारसपत्र, तोंडी परीक्षा, सारे त्याच एका माणसाच्या हातात. आणि इथे तो माणूस म्हणजे एका संपूर्ण विचारसरणीचा प्रमुख होता.

इरावतीबाई परतल्या आणि थोड्याच काळात जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. त्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली, आणि त्यांतला सर्वांत मोठा गट जन्मजात मतिमंद ठरवलेल्यांचा होता. तो ठरवण्यासाठी प्रश्नावली वापरत. म्हणजे बुद्धीच्या मोजणीतून माणसाला मूल होऊ द्यायचे की नाही याचा निर्णय होत होता. १९३७ मध्ये ऱ्हाइन नदीच्या भागातल्या, आफ्रिकी सैनिक बाप असलेल्या शेकडो मुलांची गुपचूप नसबंदी करण्यात आली. त्या कामात फिशर यांच्या संस्थेतल्या तज्ज्ञांनी अहवाल दिले. फिशर यांच्यानंतर ऑटमार फॉन फर्शुअर या संस्थेचे संचालक झाले. त्यांचा जुना सहायक योसेफ मेंगेले ऑशविट्झच्या छळछावणीतून मेलेल्यांचे अवयव या संस्थेला पाठवत असे. मोजपट्टीपासून सुरू झालेली वाट तिथे पोहोचली.

बर्लिनमध्ये कवट्या, पुण्यात पर्वती

एक गोष्ट आपल्या बाजूने नोंदवली पाहिजे. इरावतीबाई बर्लिनमध्ये होत्या त्याच सुमारास, ऑक्टोबर १९२९ मध्ये, त्यांच्या पुण्यात पर्वतीच्या मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्यांना पर्वतीच्या पायऱ्या चढू दिल्या नाहीत. पुढच्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. म्हणजे बर्लिनमध्ये वंशाचा भ्रम आकड्यांनी मोडला जात होता, आणि पुण्या-नाशकात तोच भ्रम दगडाच्या भिंतीसारखा उभा होता.

ही भिंत बाबासाहेब दुसऱ्या बाजूने फोडत होते. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते. तिथेच फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्रज्ञ शिकवत. स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा बदलतो, म्हणजे परिस्थिती बदलली की जे कायमचे समजले जाते तेही बदलते, हे बोआस यांनी दाखवले होते. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये याच विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातीवरचा आपला निबंध वाचला. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ मध्ये त्यांनी जातीमुळे वंश शुद्ध राहतो या युक्तिवादाचा समाचार घेतला. पंजाबचा ब्राह्मण मद्रासच्या ब्राह्मणापेक्षा पंजाबच्याच चांभाराला वंशाने अधिक जवळचा आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. जातीने उत्तम प्रजा घडवली असती तर हा समाज असा दुबळा का राहिला, असा त्यांचा सवाल होता.

१९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात ते आणखी पुढे गेले. त्यांनी घुर्ये यांनी दिलेली नाकाची आणि डोक्याची मोजमापे हाती घेतली आणि दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्यच. ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविडच. हे घुर्ये म्हणजे इरावतीबाईंचे मुंबईतले गुरू. रिस्लेची मोजपट्टी बाबासाहेबांनी रिस्लेच्याच सिद्धान्तावर उलटवली.

इरावतीबाई आणि बाबासाहेब एकाच चळवळीत नव्हते. पण विज्ञानाच्या या एका प्रश्नावर दोघे एकाच ठिकाणी पोहोचले.

डेक्कन कॉलेजची तीस वर्षे

परत आल्यावर इरावतीबाईंनी १९३१ ते १९३६ या काळात महिला विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केले. १९३९ मध्ये त्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातेतल्या लांघणज येथे अश्मयुगीन माणसांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. मंगळसूत्र घालत नसत, नवऱ्याला नावाने हाक मारत.

मोजपट्टी त्यांनी सोडली नाही. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जातींची शारीरिक मोजमापे त्या घेत राहिल्या. १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यावर ग्रंथ काढला. पण त्यांचा प्रश्न बदलला होता. कोण श्रेष्ठ, हे त्यांना शोधायचे नव्हते. एकाच नावाच्या जातीतल्या पोटजाती खरोखर एका मुळाच्या आहेत का, हे त्या तपासत होत्या. चित्पावन आणि देशस्थ दोघेही ब्राह्मण, पण एका मुळातून फुटलेले नाहीत असे त्यांचे मत झाले. जात म्हणजे सोयरिकीने बांधलेला मोठा नात्याचा गट, अशी मांडणी त्यांनी केली आणि गुरू घुर्ये यांच्याशीही मतभेद पत्करला. १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ आला.

इथे आपण टीकाही केली पाहिजे. जात ही नात्यागोत्यांची गोधडी आहे असे म्हटले की तिच्यातली सत्ता नजरेआड होते. कोण कुणाला पाणी देत नाही, जमीन कुणाच्या नावावर आहे, मेलेले ढोर कुणी ओढायचे, या प्रश्नांना इरावतीबाईंच्या मांडणीत मध्यवर्ती जागा नाही. जातीचा उगम त्यांनी बारकाईने शोधला, जातीचा अंत हा त्यांचा विषय झाला नाही. बाबासाहेबांची वर्गीकृत विषमतेची मांडणी शेजारी ठेवून वाचले की ही उणीव लगेच दिसते.

तरी त्यांचे डोळे बंद नव्हते. पंढरीच्या वारीवर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. विठ्ठलाचे नाव घेत एकत्र चालणाऱ्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा स्त्रियांच्या पंगती वेगळ्या होत्या. त्याचे दुःख त्यांनी त्यात लपवले नाही. आयुष्याच्या शेवटी, मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत, त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या मुळशीला हे नवे नाही. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी गावे पाण्याखाली गेलीच. धरणग्रस्त जगतात कसे, हे घरोघरी जाऊन विचारणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या अभ्यासकांमध्ये इरावतीबाई होत्या.

महाभारतातल्या माणसांना देवपणातून खाली उतरवून तपासणाऱ्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज याचे काय करायचे?

कवट्या मोजण्याचा धंदा आता बंद पडला आहे. बुद्धिमापन चाचण्या मात्र आहेत. १९३०-४० च्या दशकांत धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. १९४० मध्ये त्यांचे पुस्तक आले. परकी चाचणी जशीच्या तशी लावण्यापेक्षा आपल्या भाषेत, आपल्या मुलांवर तपासून घेणे हे चांगलेच काम होते. शिकण्यात खरोखर अडचण असलेल्या मुलाला मदत मिळण्यासाठी चाचणी आजही उपयोगी आहे. वाद चाचणीशी नाही. तिच्या आकड्याला जन्माचे प्रमाणपत्र समजण्याशी आहे.

भूगाव आणि आसपासच्या गावांत काम करताना हे रोज दिसते. टोलेजंग सोसायट्या उभ्या राहत आहेत आणि त्या बांधणारी कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत राहत आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून आलेली ही मुले वर्षात दोन-दोन शाळा बदलतात. एखाद्या शाळेत मुलाला वाचता येत नाही असे दिसले की पालकांना सांगितले जाते, याची बुद्धीच कमी आहे. आई मान खाली घालून ऐकते आणि पुढच्या वर्षी तो मुलगा साइटवर विटा उचलतो. त्याला चष्मा हवा आहे का, घरची बोली कोणती, सकाळी काही खाऊन आला का, हे कुणी विचारत नाही. बिनेने चाचणी काढली होती ती नेमकी हे विचारण्यासाठी.

बुद्धी परिस्थितीने कशी वरखाली होते याचे पुरावे भरपूर आहेत. विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यंकाचे सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी दाखवले. एवढ्या थोड्या काळात वंश बदलत नाही. शाळा, आहार आणि सवयी बदलतात. या शतकाच्या सुरुवातीला कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा सवर्ण आणि दलित मुले सारखीच ठरली. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, डोकी तशीच, कोडी तशीच. फक्त जात मोठ्याने वाचली गेली होती.

रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांची आठवण इथे येतेच. गुणवत्तेची मोजपट्टी हातात धरणाऱ्यांनी ती जात पुकारायची आणि मग निकाल दाखवायचा, हा खेळ अजून संपलेला नाही.

आणि आपल्याच समाजाचा पुरावा पाहा. ज्यांना हजारो वर्षे अक्षर ओळखू दिले नाही, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्म स्वीकारला. २००१ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ७२.७ टक्के होती, देशाची ६४.८ टक्के. पंचेचाळीस वर्षांत कुणाच्या कवटीचा आकार बदलला नव्हता. बदलला होता तो स्वतःकडे पाहण्याचा दृष्टिकोन, आणि शिकण्याचा निर्धार.

तथागतांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले आहे. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण विचारतात, माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने? तेव्हा बुद्ध गवत, झाडे, किडे, पशू, पक्षी यांचे वेगळेपण एकेक करून सांगतात आणि मग माणसाकडे येतात. केस, डोके, कान, डोळे, नाक, ओठ, प्रत्येक अवयव तपासतात. माणसामाणसांत तसा जातिभेद कुठेच सापडत नाही असे दाखवतात. रिस्लेचे नाक आणि फिशरची कवटी, दोन्हींचे उत्तर त्या सुत्तात आहे.

धम्मपदाच्या अर्थकथेत वंगीसाची गोष्टही आहे. कवटीवर टिचकी मारून मेलेल्या माणसाची गती सांगणारा हा ब्राह्मण. त्यातला पुनर्जन्माचा भाग आपण बाजूला ठेवू. बुद्धांनी त्याच्यापुढे एका अर्हताची कवटी ठेवली, तेव्हा त्याला काहीच सांगता आले नाही. माणसाने साधनेने जे मिळवले ते हाडावर लिहिलेले नसते.

म्हणून माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे. प्रत्येक विहारात अभ्यासिका हवी, आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या गाइडसोबत हा इतिहासही हवा. वस्तीतल्या एखाद्या मुलाला शाळेने मंद ठरवले असेल तर आधी त्याच्या घरी जा, डोळे आणि कान तपासून घ्या, त्याच्या भाषेत त्याच्याशी बोला, मग शाळेशी बोला. सोशल मीडियावर देशांच्या आणि जातींच्या बुद्ध्यंकाच्या याद्या फिरतात, तेव्हा चिडून शिवी देऊ नका. विचारा की नमुना कुणाचा घेतला, किती मुलांचा, कोणत्या भाषेत, आणि कुणी मोजले. इरावतीबाईंनी फिशरला शिवी दिली नव्हती. त्यांनी एकशे एकोणपन्नास कवट्या मोजल्या होत्या आणि जे दिसले तेच लिहिले होते.

जय भीम! नमो बुद्धाय!